झबल्याचा काप आणि आजीची ‘ढाक्याची’ मलमल

गेल्या बैठकीत मी हा विषय तोंडी मांडला तेव्हा आधी सगळे हसले, आणि मग दोघा-तिघांनी ‘लिहून द्याच’ म्हणून सांगितलं. हसण्याचं कारण उघड होतं. नॅरोगेजची इंजिनं आणि गायकवाडी नाणी यांवर बोलणारा माणूस एकदम बायकांच्या झग्यावर कुठे घसरला? पण झालं ते असं झालं, आणि त्यातून आमच्या घरातली एक जुनी समजूत निकालात निघाली. मंडळातल्या बऱ्याच जणांच्या ट्रंकांमध्ये अशीच समजूत घडी घालून ठेवलेली असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

जेन ऑस्टेन या इंग्रज कादंबरीकर्तीचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा. २०२५ मध्ये त्याला २५० वर्षं झाली. माझी मुलगी आणि तिच्या चार मैत्रिणी तिच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या. त्यांनी ठरवलं, त्या दिवशी जमायचं ते त्या काळच्या पोशाखात. भाड्याने मिळतात ते झगे सिनेमातल्या राजकन्यांचे, चमकीचे. त्यामुळे मुलगी म्हणाली, ‘बाबा, आपण शिवू या. पॅटर्न विकत मिळतो. तुम्ही फक्त कापायला मदत करा.’

हा झगा म्हणजे रीजन्सी काळातला, ‘एम्पायर’ कंबरेचा. कंबर म्हणायचं, पण कंबरेचा आणि त्याचा संबंध नाही. छातीच्या लगेच खाली शिवण, आणि तिथून सरळ पायापर्यंत घोळ. गळा मोठा, बाही तोकडी किंवा लांब, रंग बहुतेक पांढरा.

साचा आणि माया

माझी नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, एका कारखान्याच्या टूल-रूममध्ये झाली. २८ वर्षं ड्रॉइंग वाचण्यात गेली. इतिहास मी मागाहून, घरी बसून, पुस्तकं गोळा करत आणि मोडी अडखळत लावत शिकलो. पॅटर्न हातात आल्यावर मात्र मला घरचंच काम आल्यासारखं वाटलं. पत्र्याचा नळकांडा वाकवण्याआधी तो सपाट उलगडून काढावा लागतो, तसंच हे. बाईचं शरीर गोल, कापड सपाट, आणि दोघांची गाठ कागदावर घालायची.

पॅटर्न संगणकावर आला होता, तो ए-फोर कागदांवर छापून चिकटवायचा. मुलीने सगळे कागद छापले, जमिनीवर जोडले, कात्री घेतली. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, चार इंचांचा, माप तपासायला. मी सवयीने व्हर्निअर लावला तर ३.८८ इंच. छापताना ‘पानात बसवा’ ही खूण राहून गेली होती आणि सगळं काम तीन टक्क्यांनी लहान झालं होतं. तीन टक्के ऐकायला काही नाही. पण ३६ इंचांच्या छातीला ते इंचाहून जास्त होतात. पुन्हा छापलं.

ओतकामात जो साचा करतात त्यालाही पॅटर्नच म्हणतात. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवतात. शिवणकामात शिवणीसाठी आणि धुण्यात आटण्यासाठी जास्तीचं कापड सोडायचं. त्याला आमची आत्या ‘माया’ म्हणते. ‘दोन बोटं माया ठेव रे, मुलगी उद्या अंगाने भरली तर सोडता येते.’ आत्या ८६ वर्षांची. खालच्या खोलीत असते आणि वर काय चाललंय ते तिला आवाजावरून कळतं.

इथे इतिहासाचा पहिला खडा लागला. १८११ साली लंडनमधल्या बाईकडे असला कागद नव्हता. विक्रीचे, मापागणिक वेगवेगळे कागदी पॅटर्न हे बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याचं काम, तेही १८६३ चं. १८०८ साली लंडनमध्ये ‘लेडीज इकॉनॉमिकल असिस्टंट’ नावाचं एक पुस्तक निघालं होतं, त्यात पूर्ण मापाचे नमुने होते. पण ते मुख्यतः घरातले साधे कपडे आणि बाळंत्यांसाठी. बाकी कारभार कसा चाले? बाई दुकानातून कापड घेई, शिवणारणीकडे जाई. ती अस्तराचं कापड अंगावरच टाचण्यांनी बसवी आणि कापी. किंवा एखादा नीट बसणारा जुना झगा नमुना म्हणून दिला जाई.

म्हणजे काय, तर आजही मंगळ बाजारातून कापड आणून शिंप्याकडे देताना आपल्या बायका सोबत जो ‘मापाचा ब्लाउज’ देतात, तोच प्रकार. तेव्हा पॅटर्न विकत आणून शिवलेला रीजन्सी झगा हा त्या काळाची नक्कल असला तरी त्याची रीत निम्मी नंतरची आहे. मापाचा ब्लाउज देणारी मांडवीतली बाई ऑस्टेनच्या जास्त जवळची.

दोन गाद्या, दोन प्रतिनिधी

‘रीजन्सी’ म्हणजे राजप्रतिनिधीचा अंमल. तिसरा जॉर्ज राजा मानसिक आजाराने कारभाराला असमर्थ ठरला, म्हणून फेब्रुवारी १८११ पासून त्याचा मुलगा प्रतिनिधी म्हणून राज्य चालवू लागला. १८२० साली जॉर्ज वारला तेव्हा हा अंमल संपला. पोशाखाच्या बाबतीत मात्र १७९५ ते १८२० हा सगळाच पट्टा लोक ढोबळमानाने रीजन्सी म्हणतात.

बडोद्याच्या वाचकाला यात ओळखीचं काही दिसायला हवं. १८०० साली आनंदराव गायकवाड गादीवर आले. तेही मनाने दुर्बळ, कारभार हातात धरू न शकणारे. १८०२ मध्ये कंपनी सरकारशी तह झाला, मेजर वॉकर रेसिडेंट म्हणून बडोद्यात बसला, आणि १८०६ पासून आनंदरावांचे धाकटे भाऊ फत्तेसिंहराव प्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागले. ते १८१८ मध्ये वारले, आनंदराव १८१९ मध्ये. म्हणजे लंडनला रीजन्सी चालू असताना बडोद्यातही रीजन्सीच चालू होती, आणि दोन्ही जवळपास एकाच वेळी आटोपल्या.

एकाच वर्षाच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. जून १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन, जे इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे हिशेब मिटवायला गेले होते, त्यांचा पंढरपुरात खून. आणि डिसेंबर १८१५ मध्ये ऑस्टेनची ‘एमा’ बाहेर पडली, अर्पणपत्रिका प्रिन्स रीजंटला. पंढरपूरच्या त्या खुनाची परिणती दोन-तीन वर्षांत पेशवाई बुडण्यात झाली. ‘एमा’त यातलं काहीच नाही. पण तिच्या वाचकिणींच्या अंगावरचं कापड ज्या व्यापारातून येत होतं, त्याच व्यापाऱ्यांची फौज इथे बडोद्याच्या छावणीत होती.

जाड कापडात ही फॅशन होत नाही

शिवणाऱ्यांची रीत अशी की खऱ्या कापडाला हात लावण्याआधी जुन्या कापडाचा एक कच्चा नमुना करून पाहायचा. आम्ही घरातली एक जाड सुती चादर घेतली.

या झग्याचा समोरचा घेर बराचसा सपाट असतो. सगळा घोळ मागे, पाठीच्या मधोमध, जेमतेम वीतभर जागेत चुण्या घालून बसवतात. आमच्या पॅटर्नमध्ये साठ इंच कापड सात इंचांत बसवायचं होतं. चादरीत ते बसेचना. चुण्यांचा गोळा झाला, सुई मोडली, आणि मुलीच्या पाठीवर जणू उशी बांधली. दोन दिवस आम्हाला वाटत होतं की पॅटर्न चुकलाय. मग सौ.ने कपाटातली एक पातळ ओढणी आणून त्याच मापाने धावदोरा घातला, दोरा ओढला, आणि साठ इंच सात इंचांत मुकाट्याने जाऊन बसले.

माझ्या दृष्टीने हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा पुरावा. कापाच्या आधी कापड आलं. पातळ, मऊ, अंगाबरोबर पडणारी मलमल हाताशी होती म्हणून हा झगा सुचला. ग्रीक-रोमन पुतळ्यांसारखं दिसायची हौस होतीच. १७८३ मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात चित्र काढून घेतलं, तेव्हा पॅरिसमध्ये गहजब झाला आणि चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. पुढे क्रांती झाली, नेपोलियन १८०४ मध्ये सम्राट झाला, त्याची जोझेफिन याच उंच कंबरेच्या झग्यांत मिरवली, आणि त्या साम्राज्यावरून ‘एम्पायर’ हे नाव पडलं. पण जाड लोकरीच्या किंवा ताठ रेशमाच्या कापडात पुतळ्यासारख्या चुण्या पडत नाहीत. त्या मलमलीतच पडतात.

आणि मलमल कुठली? उत्तम ती ढाक्याची. मेघनेच्या काठच्या फुटी कापसाची, हवेत ओल असताना हाताने कातलेल्या सुताची. इंग्लंडने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी हिंदुस्थानी छापील कापडावर बंदी घातली होती, पण साधी मलमल त्यातून वगळली होती. ती जात राहिली. आपल्या बाजूने भडोचचे बाफ्ते शंभर-दीडशे वर्षं विलायतेला जात होते. ते मलमलीएवढे तलम नव्हेत, पण नाव मोठं. हे भडोच इंग्रजांनी १८०३ मध्ये शिंद्यांकडून घेतलं, फौज बडोद्याहून गेली.

ऑस्टेनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस निघाली. तिच्यातला नायक मलमलीचा जाणकार म्हणून मिरवतो आणि बहिणीसाठी पाच शिलिंग वाराने खरी हिंदुस्थानी मलमल घेतल्याचं सांगतो. ‘खरी’ या शब्दाकडे मी पुनःपुन्हा येतो. खरी म्हणायची वेळ येते म्हणजे खोटीही बाजारात होती. क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये सूत कातण्याचं ‘म्यूल’ यंत्र काढलं, आणि त्यानंतर मँचेस्टर आणि स्कॉटलंडमध्येही मलमल विणली जाऊ लागली.

ट्रंक

कच्चा नमुना जमला. आता खरं कापड. पॅटर्नवर लिहिलं होतं, पातळ सुती, शक्यतो मलमल. मुलगी बाजारात जायला निघाली तेव्हा आत्याने खालून हाक मारली.

‘बाजारात कशाला? ट्रंकेत आईची ढाक्याची मलमल आहे ती घ्या. पडून काय करायचीये?’

ही मलमल म्हणजे आमच्या घरातली दंतकथा. माझे पणजोबा गायकवाडांच्या जामदारखान्यात कारकून. तिथून त्यांना अख्खं ठाण बक्षीस मिळालं, ते थेट ढाक्याचं, अंगठीतून जाणारं. पणजीने ते आजीला दिलं, आजीने आत्याला. लहानपणी दसऱ्याला ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ते आम्हाला दुरून दाखवायचे. हात लावायचा नाही.

मी म्हटलं, ‘आत्या, ते कापायचं नाही. ते संग्रहालयात द्यायच्या लायकीचं आहे. आधी मला नीट पाहू दे.’ ती म्हणाली, ‘पाहा की. पाहायला कोण नको म्हणतंय?’

कापड पावणेसहा वार भरलं, पन्हा ३६ इंच. किंचित पिवळसर, घड्यांवर जरा विरलेलं, बाकी धडधाकट. गिरणीत सूत मोजायची भिंगाची चौकट असते, ती मी एका मित्राकडून आणली आणि खिडकीशी बसलो. एका इंचात ताण्याचे ८४ धागे, बाण्याचे ७८. चार ठिकाणी मोजले, दोन-तीन धाग्यांचाच फरक. कापड तलम होतं यात शंका नाही. पण मला खटकलं ते सूत. हाताने कातलेलं सूत भिंगाखाली कधी बारीक, कधी किंचित जाड दिसतं, पीळही कमी-जास्त असतो. इथे प्रत्येक धागा शेजारच्यासारखा, जणू तारेच्या रिळातून सोडलेला. मी आयुष्यभर यंत्राने केलेल्या वस्तू मोजल्या. यंत्राचं काम लगेच ओळखू येतं.

मग शेवटची घडी उलगडली. कोपऱ्यात फिकट निळा शिक्का. वरच्या ओळीतली इंग्रजी अक्षरं पुसली होती, उरली होती ती ‘चेस्टर’ एवढीच. खाली आकडा, २०, आणि पुढे ‘यार्ड्स’.

१८८९ साली हिंदुस्थान सरकारने मालावरच्या खुणांचा एक कायदा केला. ठाणाच्या कापडावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत ठसठशीत छापलीच पाहिजे, असं त्यात होतं. ग्राहकाला ठाण आखूड देऊन फसवत, म्हणून. बडोदं संस्थान होतं, पण विलायती माल उतरे तो मुंबईच्या बंदरात, आणि तिथे हा कायदा लागू. तेव्हा आमचं ठाण १८८९ नंतरचं, यंत्राचं आणि मँचेस्टरचं. ढाक्याचं नाही.

पणजोबांच्या नोकरीचा काळ त्याच्याशी जुळतो. त्यामुळे बक्षिसाचा भाग मी खोडत नाही. जामदारखान्यात विलायती ठाणंही येत असणारच. खोटा ठरला तो फक्त ‘ढाक्याची’ हा शब्द.

तक्ता बडोद्यातच होता

त्या रात्री मी रमेशचंद्र दत्तांचा हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचा ग्रंथ काढला. दत्त हे बडोद्याचे. म्हणजे जन्माने बंगाली, पण १९०४ पासून सयाजीराव महाराजांच्या नोकरीत, पुढे दिवाण, आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये वारले ते बडोद्यातच. त्यांच्या ग्रंथात, पहिल्या भागात, १९०२ साली छापलेला एक तक्ता आहे. हिंदुस्थानी मालावर इंग्लंडमध्ये किती जकात होती त्याचा. मलमलीवर १८१२ मध्ये २७⅓ टक्के. १८२४ मध्ये ३७½ टक्के. १८३२ मध्ये ती १० वर आली, पण तोवर विकायला फारसं उरलं नव्हतं. उलट बाजूने विलायती कापड इथे नाममात्र जकातीवर येत होतं.

म्हणजे ‘एमा’च्या वाचकिणी ज्या वर्षांत मलमल नेसून मिरवत होत्या, त्याच वर्षांत ती मलमल करणाऱ्यांची वाट बंद होत होती. फॅशन राहिली, कारागीर गेले.

आमच्या प्रतापनगरचा यात भाग आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी गुजरातकडे तोंड वळवलं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, मियागाम ते डभोई ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली ती त्या कापसाच्या दिवसांत. आधी बैल जोडायचे, इंजिन आलं ते १८७३ मध्ये. पुढे त्याच जाळ्याचं ठाणं प्रतापनगर झालं. लहानपणी ज्या छोट्या गाडीच्या शिट्टीवर आम्ही शाळेला निघायचो, तिच्या मुळाशी कापसाची गाठोडी होती. इथून कापूस जायचा, तिथून कापड यायचं. लँकेशायरवाले आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला ‘सुरती’ म्हणत आणि नाकं मुरडत. तो जाड सुताला चाले. आमच्या ट्रंकेतल्या तलम मलमलीत आपला कापूसही बहुधा नसावा. आपलं होतं ते एवढंच की आपण तिला ढाक्याची म्हटलं.

याचं मला वाईट वाटलं, ते खोटं निघालं म्हणून नव्हे. १८०० च्या सुमाराला लंडनची बाई दुकानदाराला विचारी, ‘खरी हिंदुस्थानी आहे ना?’ आणि शंभर वर्षांनी बडोद्यातलं एक घर मँचेस्टरचं ठाण ढाक्याचं म्हणून ट्रंकेत जपत होतं. ढाक्याचं नाव तेवढं लोकांच्या तोंडी उरलं होतं, वस्तू गेली होती. चांगलं कापड म्हणजे ढाक्याचं, एवढीच आठवण राहिली, आणि ती ज्याने तो धंदा बुडवला त्याच्याच मालाला चिकटली.

आत्याला सांगणं

आत्याला सांगायचं की नाही यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. सौ. म्हणाली, ‘८६ व्या वर्षी कशाला?’ मला ते पटत होतं. पण मी दुसऱ्यांच्या घराण्यांच्या कागदांवर खोट्या सनदा आहेत म्हणून बैठकीत बोलतो, आणि घरच्या ट्रंकेपुढे गप्प बसायचं? शेवटी शिक्का दाखवला, कायदा समजावला.

ती थोडा वेळ शिक्क्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘वीस वार होतं म्हणजे. आईने सव्वाचौदा वार वापरलं.’

‘कशाला?’

‘झबली. घरात मूल झालं की दोन. तू धरून नऊ मुलं झाली या घरात.’ तिने बोटं मोजली. ‘एका झबल्याला पाऊण वार. उरलेलं टोपड्यांना गेलं असेल. तुझं झबलं याचंच होतं. तुला काय आठवणार?’

अठरा झबली, साडेतेरा वार. पाऊण वार टोपड्यांना. हिशेब जुळला.

मग तिने जमिनीवर पसरलेल्या कच्च्या नमुन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हे झबलंच की. मोठ्या बाईचं.’

ते मला महिनाभर दिसलं नव्हतं. छातीपुरता आखूड तुकडा, त्याखाली चुण्यांचा घोळ, पाठीला बंद. मराठी घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराने आयुष्यातला पहिला कपडा म्हणून जे घातलं, त्याचा काप हाच. पाहू लागलं की आणखी दिसतं. नवरात्रात आपल्या बडोद्याचा अर्धा गाव ज्या केडियुंमध्ये गरबा खेळतो, त्याचं नाव कंबरेवरून, पण घोळ सुरू होतो छातीखाली. मुहम्मदशहाच्या काळच्या मोगल चित्रांतल्या जाम्यांची कंबर अशीच वर चढलेली. कलावंतिणींचा पेशवाज, ज्याचा पेशव्यांशी काही संबंध नाही, ‘पुढून उघडा’ या अर्थाचा फारसी शब्द, तोही याच घराण्यातला. कोणी कोणाचं उचललं असा दावा मी करत नाही. पातळ कापड न फाडता, कमीत कमी कापून अंगावर बसवायचं असेल तर जगभरचे हात एकाच युक्तीपाशी येतात, एवढंच माझं म्हणणं.

‘मग कापू?’ मी विचारलं.

‘काप की. आई असती तर तिने केव्हाच कापलं असतं. ढाक्याची म्हणून तुम्ही लोकांनी ठेवलं.’

शिवण

टूल-रूममध्ये पत्र्यावर तुकडे कमीत कमी वाया जातील असे बसवायचो, तसे कागद कापडावर मांडले. पाच वारांत बसले. राहिलेला पाऊण वार शिक्क्याच्या बाजूचा ठेवला.

शिलाई सगळी हाताची. शिवणयंत्र घरोघर आलं ते १८५० नंतर, तेव्हा यंत्राची टीप घातली असती तर आधीच्या महिन्याचा अभ्यास फुकट. लांब शिवणींना धावदोरा, ताण पडेल तिथे उलटी टीप, कडांना हातशिलाई. गळ्याला आणि छातीखाली नेफा करून त्यात नाडी ओवली. त्या काळच्या पुष्कळ झग्यांना हुका-बटणांऐवजी नाड्या आणि टाचण्याच असत. पाठीचे तुकडे अगदी अरुंद आणि मुंढे मागे ओढलेले, त्यामुळे घालणारी आपोआप ताठ उभी राहते. मुलीच्या लक्षात आलं की यात खिसा बसत नाही. त्या काळीही बसत नव्हता, म्हणूनच बायकांच्या हातात छोट्या नाडीच्या पिशव्या आल्या.

पाठीच्या चुण्या आत्याने घातल्या. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो नात ओवून देई. दोन समांतर धावदोरे, पाव इंचाच्या अंतराने, आणि दोन्ही एकदम ओढायचे. एकाच दोऱ्यावर ओढल्या तर चुण्या फिरतात. साठ इंच सात इंचांत. आत मायाही दोन बोटं सोडली आहे.

१६ डिसेंबरला मुलगी तो घालून गेली. रात्री परत आल्यावर आधी खाली आत्याच्या खोलीत गेली.

शिक्क्याचा तो पाऊण वार मी आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवला आहे. वर चिठ्ठी लावली आहे: ‘यंत्राची मलमल, मँचेस्टर, १८८९ नंतर. घरात ढाक्याची म्हणून ओळख. वीस वारांपैकी सव्वाचौदा वार झबली-टोपडी, पाच वार झगा.’ यातली दुसरी ओळ खोडावी असं एकाने सुचवलं. मी ती ठेवली आहे. घरात काय समजत होते, हाही इतिहासच आहे, फक्त तो कापडाचा नव्हे, आपला.

मंडळाच्या सभासदांना विनंती एवढीच. आपल्या घरी ‘ढाक्याची’, ‘राजवाड्यातली’ अशी काही ठाणं, पातळं, उपरणी असतील तर त्यांचे कोपरे आधी उलगडून पाहा. शिक्का असेल तर तो धुऊ नका, इस्त्री करू नका, फोटो काढा आणि बैठकीला घेऊन या. भिंग मी आणतो. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढची बाई असेल, तर त्या कापडाचं आजवर काय काय शिवलं, ते आधी तिला विचारा.